सणाचे गोड आणि घरातील दात



भाद्रपदात मोदकांनी सुरू होणारा गोडाधोडाचा क्रम थेट संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत अखंड चालू असतो. गोव्यात चवथीच्या नेवऱ्या संपतात न संपतात तोच दिवाळीचे गोड पोहे येतात, आणि डिसेंबर उजाडला की नाताळाच्या दोदोलाची कढई चुलीवर चढते. बेळगावकडे पाहुण्याच्या हातात कुंद्याचा पुडा असल्यावाचून सणाला शोभा येत नाही. इंदूरच्या मराठी घरांत करंजी-अनारशांच्या शेजारी सराफ्यातील जिलबी येऊन बसते. ग्वाल्हेरीस थंडी पडली की गजकाची आठवण होते, बडोद्यास उत्तरायणाच्या सुमारास चिक्कीचे थर रचले जातात, आणि हैदराबादेतील मराठी कुटुंबाकडे ईदेच्या सकाळी शेजारघरून शीरखुर्म्याचे भांडे येते. भाषा एकच, पण जेथे जेथे ती वस्तीस गेली तेथील गोडवा तिने आपल्या ताटात घेतला आहे.

हा गोडवा केवळ जिभेचा नव्हे. नाताळात गोव्याच्या वाड्यावाड्यांतून बेबिंका, दोदोल, दोस, कुलकुल यांनी भरलेली तबके शेजाऱ्यांकडे जातात, आणि त्याच शेजाऱ्यांकडून चवथीला व दिवाळीला आलेल्या तबकांची ती परतफेड असते. ज्या घरातून सणाला शेजारी ताट गेले नाही त्या घरात काही विपरीत घडले असावे असे मानण्याचीच आपल्याकडे रीत आहे. तेव्हा गोड वर्ज्य करा असा उपदेश करणे व्यर्थ आहे आणि तो कोणी ऐकणारही नाही. प्रश्न निराळा आहे. सण तर साजरा व्हावाच, परंतु सण सरल्यावर महिन्याभराने घरातील सहा-सात वर्षांचे मूल अपरात्री गाल धरून उठते, वडीलधाऱ्यांना गार पाणी सोसत नाही, आणि दंतवैद्याकडे गेल्यावर फराळाच्या सामानाच्या कितीतरी पट खर्च होतो, हे कसे टाळावे? हा प्रश्न श्रीमंताइतकाच, किंबहुना अधिक, मध्यम स्थितीतील कुटुंबाचा आहे.

प्रथम दात किडतो म्हणजे काय होते ते पाहू या. मराठीत ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगामागे एक जुनी समजूत आहे. दातात खरोखरच किडा शिरतो आणि तो दात पोखरतो असे पूर्वी सर्वत्र मानीत. खेडोपाडी अद्यापही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखविणारे लोक आढळतात. वस्तुतः दातात असा किडा नसतो. विलोबी मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे संशोधन करून १८९० साली असे प्रतिपादन केले की, तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताचा कठीण भाग विरघळविते. पुढे १९२४ साली इंग्लंडात क्लार्क यांनी किडक्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ या जंतूचे वर्णन केले. आज असे जंतू अनेक असल्याचे ज्ञात आहे. परंतु मूळ सिद्धान्त तोच राहिला आहे.

दातावरील पांढरे कवच, ज्यास इनॅमल म्हणतात, ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. हाडापेक्षाही ते कठीण असते. तथापि त्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे आम्ल. दातांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर सतत साचत असतो. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरविली असता जो बुळबुळीतपणा जाणवतो तो हाच. साखर या थराला पोहोचली की काही मिनिटांतच तेथे आम्ल उत्पन्न होते. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात याचे मोजमाप केले. साखर खाल्ल्यावर थरातील आम्लता झपाट्याने वाढते, दाताचे खनिज सुटू लागते, आणि नंतर लाळेच्या योगे ती हळूहळू ओसरून तोंड पूर्ववत होण्यास सुमारे अर्धा ते एक तास लागतो. लाळ ही दाताची खरी दाई आहे. ती आम्ल सौम्य करते आणि सुटलेली खनिजे काही अंशी पुन्हा दातास परत देते. तोंडात दिवसभर अशी झीज आणि भरपाई चाललेली असते. झीज भरपाईहून अधिक झाली म्हणजे दात किडतो.

हे एवढे ध्यानात घेतले म्हणजे सणाच्या गोडाचे गणित सोपे होते. मुलाने न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण या तीन वेळांनाच गोड खाल्ले तर दातांवर आम्लाचे तीन हल्ले होतात, आणि सारे मिळून दीड ते तीन तास दात आम्लात राहतात. तेच गोड, तेवढ्याच वजनाचे, डब्यातून थोडे थोडे काढून दिवसातून आठ वेळा खाल्ले तर चार ते आठ तास दात आम्लात भिजतात. मध्यंतरी लाळेला भरपाई करण्यास अवसर उरत नाही. म्हणजे लाडू किती खाल्ले याइतकेच, काही वेळा त्याहून अधिक, तो कितीदा तोंडात गेला याला महत्त्व आहे.

या मुद्द्याची एक फार मोठी परीक्षा स्वीडनमध्ये झाली. लुंड शहरानजीकच्या विपेहोल्म येथील संस्थेत मतिमंद रुग्णांना निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या स्वरूपात साखर देऊन त्यांच्या दातांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडी वाढली. परंतु दोन जेवणांच्या मधल्या वेळी दिलेल्या चिकट टॉफीने ती भयंकर वाढली. ज्यांना संमती देणेही शक्य नव्हते अशा असहाय माणसांचे दात जाणूनबुजून किडविणारा हा प्रयोग आज सर्वत्र निंद्य मानला जातो, आणि तसा मानला जाणे उचितच आहे. परंतु त्या दुर्दैवी माणसांनी ज्याची किंमत मोजली ते ज्ञान वाया जाऊ देणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

येथे आपल्या जुन्या रीतीकडे वळून पाहिले तर आश्चर्य वाटते. मराठी घरात सणाचे गोड पूर्वी कोठे असे? ते पानात असे. देवाला नैवेद्य दाखविल्याखेरीज त्याला कोणी हात लावीत नसे. मूल कितीही रडले तरी आजी त्याला ‘आधी देवाला’ म्हणून थोपवून धरी. मग पंगत बसे, पुरणपोळी वा श्रीखंड भात-वरणासमवेत पोटात जाई, शेवटी ताकभात होई, आणि उठल्यावर मोरीवर जाऊन खळखळून चुळा भरल्यावाचून कोणी सोप्यावर जाऊन बसत नसे. आम्ल आणि जंतू यांचे शास्त्र त्या आजीला ठाऊक नव्हते. परंतु गोडाला वेळ, जागा आणि शेवट असावा हे तिला ठाऊक होते. जेवताना लाळ विपुल सुटते, ताकाने व भाताने गोडाचा चिकटपणा जातो, आणि चुळांनी उरलेसुरले कण निघून जातात.

आज बिघडले आहे ते हेच. गोड पानातून उठून डब्यात गेले, आणि डबा फडताळातून उतरून टेबलावर आला. येता-जाता हात घालावा, अभ्यास करता करता शंकरपाळे चघळावे, दूरदर्शनसंच पाहता पाहता चिवडा आणि लाडू आलटून पालटून खावा, आणि निजताना मोबाईल पाहत एखादी चॉकलेटची वडी तोंडात धरावी, असा क्रम पडला आहे. म्हणून पहिला उपाय एकच आणि तोही बिनखर्ची: गोड पुन्हा पानात आणावे. शेजारून आलेले तबक आनंदाने स्वीकारावे, कौतुक करावे, आणि झाकून ठेवून जेवणाच्या वेळी सर्वांना वाढावे. यात देणाऱ्याचाही मान राहतो आणि दातांचाही. पाहुणा आला असता त्याच्यासमवेत मुलांनीही खाल्ले तर बिघडत नाही. परंतु पाहुणा गेल्यावर बशी तेथेच राहू नये.

याचा अर्थ जेवणाबरोबर हवे तेवढे गोड खावे असा मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले आहे की, दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा, आणि तो पाच टक्क्यांच्या आत आणल्यास अधिक हितकर. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, अर्थात साधारणपणे सहा चहाचे चमचे साखर होय. दिवसाचे तीन-चार कप गोड चहाच यातला बराच भाग खाऊन टाकतात. सणाच्या दिवसांत गोड खावयाचे असेल तर निदान चहातील साखर त्या आठवड्यापुरती अर्धी करणे अवघड नाही.

आता गोडागोडांतील भेद पाहावा. जो पदार्थ तोंडात लवकर विरघळून गिळला जातो तो कमी घातक. जो दाताला चिकटून राहतो किंवा बराच वेळ चघळला जातो तो अधिक घातक. या दृष्टीने खीर, बासुंदी, श्रीखंड यांपेक्षा चिक्की, गजक, दोदोल, मऊ पाकातील तिळाची वडी आणि टॉफी यांच्याविषयी अधिक सावध राहावे. संक्रांतीचा काटेरी हलवा दिसावयास नाजूक. परंतु तो मुले चोखत बसतात, आणि म्हणून तो इवला दाणा दातांवर फार वेळ साखरेचे पाणी धरून ठेवतो. गुळाचे पदार्थ साखरेपेक्षा दातांना निरुपद्रवी असतात ही समजूत खरी नाही. गूळ काय, काकवी काय किंवा मध काय, जंतूंना सर्व सारखेच आवडते. तसेच चकली, शेव, चिवडा हे खारे पदार्थ म्हणून निर्धास्त राहू नये. त्यांतील पिठाचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि लाळेनेच त्याची साखर बनते. लिंबू सरबत, कोकम सरबत व बाटलीतील सोडायुक्त पेये यांत तर साखरेसोबत आम्ल स्वतःच हजर असते. ती घोट घोट घेत तासभर पिऊ नयेत, आणि ती प्यायल्यावर लगेच ब्रश न करता पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबावे. कारण आम्लाने मऊ पडलेले कवच ब्रशाने घासले जाते.

लहान मुलांसंबंधी दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला असा की, दुधाचे दात पडावयाचेच आहेत, मग किडले तर काय झाले? दुधाचे दात वीस असतात, आणि त्यांतील दाढा मूल दहा ते बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. त्या अकाली गेल्या तर मुलाला चावता येत नाही, वेदनेने ते जेवणास नकार देते, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा आखडून ते वेडेवाकडे येतात. दुसरा गैरसमज याहून अधिक महाग पडतो. वयाच्या सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एकेक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच दाढ समजतात. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्यावरील खाचा खोल असल्याने ती चटकन किडते, आणि म्हातारपणापर्यंत ज्या दाढेने भाकरी चावावयाची ती पहिलीत शिकणाऱ्या मुलाच्या तोंडातून कायमची जाते. ही दाढ पूर्ण वर आल्यावर दंतवैद्याकडून तिच्या खाचांवर संरक्षक लेप देववून घेता येतो. त्यात दात कोरावा लागत नाही आणि मुलाला दुखतही नाही.

तान्ह्या मुलांविषयी एवढेच की, पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्यात दिसतो आणि त्या दिवसापासून त्याची निगा सुरू व्हावी. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल निजविणे, किंवा चोखणी मधात बुडवून देणे, या सवयींनी पुढचे दात वर्षा-दोन वर्षांतच काळे पडून झिजतात. झोपेत लाळ फार थोडी सुटते. म्हणून रात्रीची साखर दिवसाच्या साखरेहून अधिक घातक ठरते. बोरन्हाणात बाळावरून ओघळलेला हलवा आणि गोळ्या मोठ्या मुलांनी वेचाव्यात. वर्षाच्या बाळाच्या मुठीत त्या देऊ नयेत, कारण दातांखेरीज त्या घशात अडकण्याचेही भय असते.

दात घासण्याच्या संबंधात सांगावयाचे ते थोडके आहे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे दोन मिनिटे, मऊ ब्रशाने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. या दोहोंपैकी रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, आणि आपल्याकडे नेमके तेच वगळले जाते. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात जाऊ नये. पेस्टचा फेस थुंकून टाकावा. परंतु त्यावर भरपूर पाण्याच्या चुळा भरून फ्लोराइड धुवून काढू नये. जेवणानंतरची चूळ खळखळून आणि पेस्टनंतरची चूळ बेताने, असा भेद लक्षात ठेवावा. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसे वळण नसते. तोवर आईने किंवा वडिलांनी स्वतः ब्रश फिरवावा. फ्लोराइडने कवच बळकट होते. परंतु ते अति झाले तर दातांवर डाग पडतात आणि हाडेही बिघडतात. हैदराबादेजवळील नलगोंडा जिल्ह्यातील विहिरींच्या पाण्याने हे दुःख अनेक गावांनी भोगले आहे. त्याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी पाण्यातील जादा फ्लोराइड काढण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. अशा भागातील कुटुंबांनी मुलांसाठी पेस्ट निवडताना दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

बेळगावकडे आणि अन्यत्रही कित्येक स्त्रिया मशेरीने दात घासतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. पेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास सरकारने १९९२ साली बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडविणार? तिने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या मात्र खंगतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. सासूकडून सुनेकडे आलेली ही सवय नातीकडे जाऊ नये, एवढे तरी प्रत्येक घराने पाहावे.

वृद्धांच्या हिरड्या खाली सरकतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर इनॅमलचे कवच नसते. त्यामुळे तेथे कीड लवकर लागते. रक्तदाबावरील व इतर काही औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ घटली की गोडाचा त्रास दुणावतो. अशांनी सणात गोडाबरोबर पाणी अधिक प्यावे. मधुमेही माणसास हिरड्यांचा विकार अधिक होतो, आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातील साखरही आटोक्यात राहत नाही. हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश बंद करणे चूक आहे. रक्त येणे ही बहुधा मळ साचल्याची खूण असते, आणि ती दंतवैद्याला दाखवावी. कवळी असेल तर ती रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी.

दात दुखू लागल्यावर लवंग धरली तर घटकाभर आराम पडतो. परंतु दुखणे थांबले म्हणजे कीड थांबली असे नव्हे. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून धरू नये. तिने हिरडी भाजते. गालावर सूज येऊन ताप भरला तर सण आहे म्हणून उद्यावर न ढकलता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर बांबोळी, इंदूर आणि हैदराबाद येथील शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेतच. लहानसा खड्डा भरून घेण्यास एक सकाळ पुरते. तोच खड्डा मुळापर्यंत गेला की अनेक खेपा आणि अनेकपट पैसे लागतात. म्हणून वर्षातून एकदा, आणि जमल्यास चवथीच्या आधी, सर्व कुटुंबाचे दात तपासून घ्यावेत. घराची झाडलोट सणापूर्वी होते, तशीच हीही.

सारांश, करंजी मुलाच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही. ती नैवेद्यानंतर, पानात, सर्वांच्या पंगतीत त्याला द्यावी. जेवण झाल्यावर चूळ भरावयास लावावे. डबा फडताळात उंच ठेवावा. आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी त्याचा ब्रश आपल्या हातात घ्यावा. शेजाऱ्याकडे तबक पाठविताना चिकट वड्यांच्या जोडीला भाजलेले शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा हंगामातील फळ ठेवले तर तबकाची शोभा वाढेलच. एवढी शिस्त पाळणाऱ्या घरात सण उणा होत नाही, आणि पुढील वर्षीचा लाडू चावण्यास सर्वांचे दात शाबूत राहतात.